अकराची गाडी घेऊन नाकाडोंगरीला, दोनदा

या ब्लॉगवर आजवर मी तुम्हाला स्पितीच्या थंडीत कुडकुडवलं आहे, कूर्गच्या कॉफीच्या मळ्यांतून हिंडवलं आहे आणि एकदा कच्छच्या रणात रस्ताही चुकवला आहे. या वेळी जायचंय मोहाडीहून नाकाडोंगरीला. भंडारा जिल्ह्यातून निघून भंडारा जिल्ह्यातच, एका बाजूने चव्वेचाळीस किलोमीटर. हसणाऱ्यांनी हसून घ्यावं. पण इतक्या धाकधुकीचा प्रवास मी दुसरा केलेला नाही, आणि त्याचा मोठा भाग तर एकाच शनिवार-रविवारात दोनदा केला.

झालं असं की माझी बदली झाली. मोहाडीत घरापासून पायी दहा मिनिटांवरची शाळा सुटली आणि नाकाडोंगरीजवळची मिळाली. शाळेबद्दल तक्रार नाही, मुलं कुठलीही असली तरी गोडच असतात. प्रश्न होता जायचं कसं. बसने जावं तर तुमसरला गाडी बदलायची, आणि परतीची सोयीची बस शाळा सुटायच्या आधीच निघून जाते. दुचाकीला माझ्या कमरेचा आणि कमरेच्या डॉक्टरांचा, दोघांचाही विरोध. उरली आमची तेरा वर्षांची पांढरी पेट्रोल गाडी. आणि ती देत होती लिटरला अकरा.

रोजचे अठ्ठ्याऐंशी किलोमीटर, म्हणजे रोज आठ लिटर. मग पगार थेट पंपावरच जमा करायला सांगणं सोपं पडलं असतं. माझा नवरा प्रमोद मोहाडीच्या एका राइस मिलमध्ये धानखरेदीचं काम पाहतो. गाडी एरवी त्याच्याकडेच, दिवसभर मिलच्या आवारात उभी असते. आम्ही दोघं कागद घेऊन बसलो आणि एक आकडा ठरवला, पंधरा. गाडी पंधरा देऊ लागली तर मी रोज जाऊन-येऊन करणार. नाही दिले तर नाकाडोंगरीत खोली घेऊन राहणार आणि फक्त शनिवारी संध्याकाळी घरी येणार. खोली सापडलीही होती. पारबताबाई नावाच्या एका बाईंची. त्यांनी फोनवर स्पष्ट सांगितलं की रविवारी संध्याकाळपर्यंत वाट पाहीन, त्यानंतर दुसरे एक मास्तर येऊन बसलेत त्यांना देईन.

आमची मुलगी रेवा नऊ वर्षांची आहे. तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "जा ना आई, मी राहीन." इतक्या पटकन म्हणाली की मला बरं वाटलं नाही.

गाडीसाठी मी आधी तुमसरच्या हिवराज मिस्त्रींना फोन केला होता. प्रमोदच्या ओळखीचे, चाळीस वर्षं गाड्यांच्या पोटात डोकं घालून बसलेले गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पयले हवा पाहा, मॅडम. हवा बरोबर नसन तं गाडी पेट्रोल पेते." मी लगेच पंक्चरवाल्याकडे जाऊन चारही चाकांत हवा भरून घेतली. आठवड्याने अ‍ॅव्हरेज पाहिलं तर अकरा. पुन्हा फोन. त्यांचा पुन्हा तोच प्रश्न, हवा पाहिली का? मी म्हटलं पाहिली. ते म्हणाले नीट पाहा. मी अजून थोडी भरून घेतली. असं तीनदा झालं. तिसऱ्या खेपेनंतर गतिरोधकावरून जाताना सासूबाईंचं डोकं छताला लागलं आणि अ‍ॅव्हरेज आलं अकरा पूर्णांक दोन.

तेव्हा माझी खात्री झाली की गाडीत काही नाही, दोष चालवणारीत आहे. मी दोन रात्री इंटरनेटवर वाचून काढल्या. पेट्रोल कसं वाचवावं यावर जगात फार लोक फार बोलतात. त्यातलं मला पटलं ते एवढंच की गाडी हलकी ठेवा, हळू उचला, वरचा गिअर लवकर टाका, उगाच ब्रेक मारू नका आणि थांबलात तर इंजीन बंद करा. तर शनिवार-रविवार हे सगळं करून बघायचं, अंतर आणि पेट्रोल मोजायचं आणि मग पारबताबाईंना उत्तर द्यायचं, असं ठरलं.

शुक्रवारी डिकी रिकामी केली. त्यातून निघालं ते असं: धानाच्या नमुन्याच्या सतरा पिशव्या, एक वजनकाटा, पाण्याचा वीस लिटरचा कॅन, लग्नातून आलेली दोन सतरंज्यांची वळकटी आणि एक पाटा-वरवंटा. तो पाटा नणंदेला द्यायचा म्हणून दोन वर्षांपूर्वी डिकीत ठेवला होता. आम्ही त्याला तेवढी वर्षं जिल्हाभर फिरवलं. रेवा म्हणाली, तो पाटा तर माझ्यापेक्षा जास्त फिरलाय.

शनिवारी सकाळी सात वाजता निघालो, मी आणि सासूबाई. त्यांचं माहेर नाकाडोंगरीच्या अलीकडे पाच किलोमीटर आत आहे. भाऊ भेटेल, मुक्कामही होईल, म्हणून त्या आल्या असं त्यांचं म्हणणं. खरं कारण असं की मी एकटी गेले तर खोली पक्की करूनच येईन, अशी त्यांना भीती होती. मोहाडीबाहेर पडलो तेव्हा दोन्हीकडे कापलेल्या धानाची खुंटं, त्यावर धुकं, आणि मधूनच तांदूळ उकडल्याचा मिलचा वास. या दिवसांत इकडचे रस्ते बरे असतात. पण ट्रॅक्टर-ट्रॉल्या फार. पोत्यांनी लादलेली ट्रॉली पुढे आली की ओलांडायचा मोह होतो, आणि ओलांडली की पुढे दुसरी.

माझी सवय अशी की मोकळा रस्ता दिसला की पाय दाबायचा आणि पुढे काही दिसलं की कचकन ब्रेक. मला यात काही वावगं वाटत नव्हतं. सासूबाई दहा किलोमीटर गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "काहून वं, कोणी मागं लागलं हाय का?"

मी म्हटलं नाही.

"मंग एवढी पयतेस कायले, आन लगेच थांबतेस कायले?"

दोन रात्री वाचलेलं सगळं या एका प्रश्नात होतं. वेग घ्यायला जे पेट्रोल जाळलं तेच आपण ब्रेक मारून घालवतो. सासूबाईंचे वडील रेंगी हाकायचे. रेंगी म्हणजे माणसांसाठीची हलकी बैलगाडी. चढ यायच्या आधीच ते बैलांना चालीत आणायचे, आणि गाव दिसायला लागलं की कासरा सैल सोडून द्यायचे. बैल आपोआप थांबायच्या बेतात यायचे. मी तसं करून बघितलं. पन्नास-साठच्या मध्ये वेग, पाचवा गिअर, नजर लांबवर, आणि समोरची ट्रॉली दिसल्याबरोबर पाय वर. पहिले काही किलोमीटर जीव कासावीस झाला. मागून एक स्कूटरवाला आम्हाला ओलांडून गेला आणि वळून बघत गेला.

तुमसरला पोचलो तोवर भूक लागली होती. बाजाराच्या रस्त्यावर तर्री-पोहे खाल्ले. पोह्यांवर हरभऱ्याची लाल तर्री, वर कांदा आणि लिंबू. सासूबाईंनी दुसरी प्लेट मागवली ती माझ्यासाठी म्हणून आणि खाल्ली स्वतः. इथे जाणाऱ्यांनी एवढं करा की आठच्या आत जा, नंतर मिलचे लोक येतात आणि तर्री पातळ होते. मग पंपावर टाकी भरली. अ‍ॅव्हरेज काढायची खरी पद्धत ही: नळी आपोआप बंद झाली की थांबायचं, मीटर शून्यावर आणायचा आणि पुढच्या वेळी त्याच पंपावर, त्याच मशिनवर, पुन्हा पहिल्यांदा बंद होईपर्यंत भरायचं. पंपावरचा माणूस सवयीने आकडा गोल करायला निघाला होता. मी हातच धरला. तो म्हणाला, ताई, असं कोणी करत नाही. मी म्हटलं, म्हणूनच कोणाला अ‍ॅव्हरेज कळत नाही.

तुमसरहून पुढचा रस्ता मला फार आवडला, आणि शपथेवर सांगते, त्या वेळी तो आवडावा अशी माझी इच्छा नव्हती. भाताची शेतं मागे पडतात, साग सुरू होतो, मधेच एखादी बोडी दिसते, म्हणजे शेतातलं छोटं तळं, आणि तिच्या काठावर बगळा. मॅंगनीज वाहणारे ट्रक मात्र जपून. ते काळी धूळ उडवत रस्त्याच्या मधोमध येतात. वाटेतल्या रेल्वे फाटकावर दहा मिनिटं थांबलो. मी इंजीन बंद केलं. पुढच्या-मागच्या सगळ्या गाड्या घुरघुरत होत्या. एकाने काच खाली करून विचारलं, बंद पडली का? सासूबाई म्हणाल्या, नाही, झोपली हाय.

एक सवय मात्र सुटता सुटेना. उतार आला की गाडी न्यूट्रल करायची, हे मला प्रमोदने शिकवलं, त्याला त्याच्या मामांनी. आमच्याकडे सगळेच करतात आणि पेट्रोल वाचवल्याचा आनंद घेतात. आताच्या गाड्यांत उलट होतं. गिअरमध्येच ठेवून पाय काढला तर इंजीनला पेट्रोल जवळजवळ बंदच होतं, आणि न्यूट्रल केलं की इंजीन चालू राहायला पेट्रोल लागतंच. शिवाय उतारावर गाडी हातात राहत नाही, हे तर वेगळंच. मला हे कळलं होतं, हाताला कळलं नव्हतं. चौथ्यांदा हात गिअरकडे गेला तेव्हा सासूबाईंनी विचारलं की काय शोधून राहिली.

पारबताबाईंचं घर तलावाच्या बाजूला आहे. त्यांचे मालक आणि दीर तलावात मासे धरतात, हिवाळ्यात शिंगाडेही काढतात. खोली बघितली आणि माझा चेहरा पडला, कारण ती चांगली होती. ताजा चुना लावलेल्या भिंती, एक खाट, एक खिडकी, खिडकीतून पाणी. वाईट असती तर नाही म्हणायला कारण मिळालं असतं. पारबताबाईंनी आग्रहाने जेवायला बसवलं. भात आणि मासोळीचा झणझणीत रस्सा. जेवताना त्यांनी विचारलं, लेक केवढी हाय? मी म्हटलं नऊ वर्षांची. त्यांनी माझ्या ताटात अजून एक तुकडा वाढला.

त्या दिवशी सुट्टी होती म्हणून शाळा बाहेरूनच बघितली, आणि मुक्कामाला सासूबाईंच्या भावाकडे गेलो. तिथे लाखोरीच्या डाळीचे वडे आणि पोपटीच्या शेंगांची भाजी होती. संध्याकाळी रेवाचा फोन आला. तिने त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःच्या वेण्या स्वतः घातल्या होत्या आणि फोटो पाठवला होता. एक वेणी कानाच्या वर, एक कानाच्या खाली. मी छान म्हटलं आणि फोन ठेवून बाहेर अंगणात जाऊन उभी राहिले.

रविवारी सकाळी तुमसरला परत. त्याच पंपावर, त्याच मशिनवर. बासष्ट किलोमीटर झाले होते आणि पेट्रोल गेलं चार पूर्णांक सात लिटर. मी फोनवर भागाकार केला. तेरा पूर्णांक दोन.

सासूबाईंनी विचारलं, तेरा म्हणजे काय? मी म्हटलं, म्हणजे खोली. गाडी पंपाच्या बाजूला घेऊन मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. रडले नाही असं लिहायला आवडलं असतं. दोन दिवस मी एखाद्या वरातीसारखी गाडी चालवली होती, एकदाही कोणाला ओलांडलं नव्हतं, आणि तरी दोन कमी पडले. आता याहून हळू चालवायचं तर गाडीतून उतरून ढकलत न्यावी लागली असती. मी पारबताबाईंना फोन लावला. लागला नाही, तलावाच्या बाजूला रेंज कमी असते.

सासूबाई तोवर मागच्या सीटवरची पिशवी काढायला उतरल्या होत्या. त्या डाव्या मागच्या चाकाजवळ थबकल्या, हात जवळ नेला आणि मला हाक मारली. म्हणाल्या, हे चाक तापून राहिलं, त्या बाजूचं नाही. मी उतरून बघितलं. खरंच, एका चाकातून धग येत होती आणि थोडा जळकट वास. मला असलं काही कधी सुचलं नसतं. मी गाडीचं तोंड तेवढं बघते.

रविवार असल्यामुळे हिवराजभाऊंचं दुकान बंद होतं, पण घर दुकानाच्या मागेच. ते हातात वर्तमानपत्र घेऊन बाहेर आले. मला ओळखलं आणि पहिला प्रश्न तोच.

"हवा पाहिली का, मॅडम?"

माझा तोल गेला. मी म्हटलं, भाऊ, तीनदा पाहिली, आता चाकं फुटायची बाकी आहेत.

ते माझ्याकडे बघतच राहिले. "चाकं? चाकाचं कोण म्हणलं?"

त्यांनी बॉनेट उघडलं, काळ्या डब्याच्या चिमट्या काढल्या, आतला फिल्टर बाहेर घेतला आणि हातातल्या वर्तमानपत्रावर आपटला. कागदावर कोंडा पडला. धानाचा, पिवळा, बारीक, दोन मुठी तरी असेल. पुन्हा आपटला, पुन्हा पडला. मग त्यांनी मला शाळेतल्या मुलासारखं समजावलं. चाकात जी असते ती हवा आपण भरतो. इंजीन घेतं ती हवा आपण पाहतो. ते फोनवर तिन्ही वेळा पाहा म्हणाले होते, भरा एकदाही म्हणाले नव्हते. मिस्त्री लोकांत नुसतं हवा म्हटलं की फिल्टरचीच हवा. मी मराठी शिकवते. मला 'पाहणे' आणि 'भरणे' या दोन क्रियापदांतला फरक तुमसरच्या एका मिस्त्रीने सांगितला, तोही रविवारी.

"तुमची गाडी कोंडा खाऊन राहिली," ते म्हणाले. "इचा दमच कोंडला."

कोंडा आला कुठून, हे मला एका क्षणात कळलं. मिलच्या आवारात सावली एकाच ठिकाणी आहे, जिथे कोंडा उडतो त्याच भिंतीच्या आडोशाला. प्रमोद गाडी तापू नये म्हणून रोज मायेने तिथेच लावत होता. सगळा हंगाम. आणि गेल्या दोन सर्व्हिसिंगला आम्ही घाई म्हणून फक्त ऑईल बदलून घेतलं होतं, फिल्टर उघडायलाच लावला नव्हता. मी तिथूनच त्याला फोन केला. सगळं ऐकून तो म्हणाला, "मी तं सावलीत ठेवत होतो."

हिवराजभाऊंनी चाक वर उचलून हाताने फिरवून दाखवलं. दुसरं चाक गरगर फिरलं, हे अर्ध्यातच अडलं. ब्रेकच्या ड्रममध्येही तीच धूळ आणि गंज. म्हणजे मी दोन दिवस ब्रेक न मारण्याची तपश्चर्या करत होते आणि गाडी स्वतःच ब्रेक धरून चालली होती. त्यांनी ते साफ केलं, प्लग पुसले, नवा फिल्टर बसवला आणि चाकांतली जास्तीची हवा सोडली. चालकाच्या दाराच्या आत कडेला एक चिठ्ठी चिकटवलेली असते, तिच्यावर किती हवा हवी ते लिहिलेलं असतं. तुमच्याही गाडीत असेल, आजच बघा. जास्त हवेने अ‍ॅव्हरेज किंचित वाढतं हे त्यांनी कबूल केलं, पण ब्रेक मारला की गाडी घसरते, आणि घरी पोचणं महत्त्वाचं. आणखी एक गोष्ट त्यांनी प्रामाणिकपणे सांगितली. नुसत्या फिल्टरने जादू होत नाही. गाडी दम लागून ओढत नाही म्हणून आपण पाय जास्त दाबतो, गिअर खाली घेतो, आणि पेट्रोल तिथे जातं. सगळं मिळून पैसे झाले ते आमच्या दीड दिवसाच्या पेट्रोलएवढेही नाहीत.

साडेबारा वाजले होते. संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं आणि गाडी सुधारली की नाही हे फक्त रस्ताच सांगू शकत होता. तुमसर ते मोहाडी एवढ्या अंतरात नीट कळत नाही. मी हिशेब करत उभी होते तेव्हा सासूबाई गाडीत जाऊन बसल्यासुद्धा.

"चाल," त्या म्हणाल्या, "पुन्हा जाऊन येऊ."

तर ज्यांना एकाच रस्त्याचं प्रवासवर्णन दोनदा वाचायचा कंटाळा आहे त्यांनी इथून थेट पंपावर यावं. बाकीच्यांसाठी सांगते, तो तोच रस्ता नव्हता. पाय नुसता ठेवला तरी गाडी पुढे जात होती. आदल्या दिवशी ज्या चढावर मी तिसऱ्या गिअरपर्यंत खाली आले होते तिथे चौथ्यात निघाली. समोर फाटक, ट्रॉली, म्हशी, काहीही दिसलं की पाय वर घ्यायचा आणि गाडी लांबवर तरंगत जायची. एसी बंद ठेवला होता, खिडकी थोडी उघडी होती आणि सागाच्या वाळक्या पानांचा वास येत होता. आनंद व्हायला लागला होता, पण मी तो होऊ देत नव्हते. पेट्रोलचा आकडा हाती येईपर्यंत काही खरं नाही.

पारबताबाई दारातच होत्या, समोर टोपलीत उकडलेले शिंगाडे. काय ठरलं म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं अजून अर्धा रस्ता बाकी आहे, तुमसरला पोचले की फोन करते. त्यांना ते जरा विचित्र वाटलं असणार, पण त्यांनी पाणी दिलं आणि शिंगाड्यांचा एक पुडा सासूबाईंच्या मांडीवर ठेवला.

चार वाजता पंपावर. माणूस तोच होता, या वेळी त्याने स्वतःहून आकडा गोल केला नाही. त्रेपन्न किलोमीटर, तीन पूर्णांक दोन लिटर. मी भागाकार केला, मग पुन्हा केला, मग पंपावरच्या माणसाकडून करून घेतला. साडेसोळा. एका टाकीच्या मापात थोडं इकडे-तिकडे होतं, हे मला माहीत आहे. पण दीड इकडे-तिकडे होत नाही.

"पंधराच्या वर हाय का खाली?" सासूबाईंनी विचारलं.

"वर."

"मंग त्या बाईले फोन लाव. त्या मास्तरले खोली भेटन."

फोन लागला. पारबताबाई म्हणाल्या, बरं झालं. इतकंच, आणि वर, दुपारी डबा खायला इकडेच येत जा, शाळेत एकटी कुठे बसशील. मी फोन ठेवला आणि पंपाच्या नळावर तोंड धुतलं. महिनाभर छातीवर कोणी तरी बसलं होतं ते उठून गेल्यासारखं वाटलं. मोहाडीपर्यंत आम्ही दोघी शिंगाडे सोलत, म्हणजे सासूबाई सोलत आणि मी खात, साठच्या वेगाने घरी आलो.

घरी रेवाला सांगितलं की आई रोज जाणार आणि रोज परत येणार. ती बरं म्हणाली आणि खेळायला गेली. माझा थोडा हिरमोडच झाला, खोटं कशाला बोलू.

याला आता दोन महिने होत आले. अ‍ॅव्हरेज सोळाच्या आसपास आहे. बाजाराच्या दिवशी मोहाडीतून बाहेर पडायलाच पाव तास लागतो, तेव्हा घसरतं. गाडी आता माझ्याकडे असते, शाळेच्या आवारात कडुलिंबाखाली. प्रमोद मिलमध्ये सायकलने जातो आणि त्याबद्दल फारसं बोलत नाही. महिन्यातून एकदा फिल्टर काढून वर्तमानपत्रावर आपटायचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं आहे. दर पंधरा दिवसांनी चाकांची हवा सकाळी, गाडी गार असताना बघायची, चाकांना हात लावून बघायचा, डिकीत काही साठू द्यायचं नाही. हे सगळं कोणालाही जमण्यासारखं आहे. अवघड एकच आहे, ते म्हणजे हळू जाणं. घाईत निघालेल्या माणसाला मागे पडल्यासारखं वाटत राहतं.

परवा असंच झालं. फाटक, मग मॅंगनीजच्या ट्रकांची रांग, आणि मी एकालाही ओलांडलं नाही. घरी पोचायला साडेपाचचे सहा वीस झाले. रेवा पायरीवर वही घेऊन बसली होती. मी गाडीतून उतरता उतरताच कारणं सांगायला लागले, फाटक, ट्रक, रस्ता. तिने वहीतून डोकं वर केलं नाही.

"उशिरा आली तरी चालते, आई," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "मी राहीन म्हटलं होतं ना, ते मी खोटं बोलली होती."

आणि पुढचं गणित सोडवायला लागली. मी चपला न काढता तिच्या शेजारी पायरीवर बसले.